विश्लेषण : गंगासागरचे ‘हॅम’ आणि सरकारी नोंदींत न सापडणारी माणसे

कोलकाता : मकरसंक्रांतीच्या सुमारास गंगासागरच्या मेळ्यात दरवर्षी लाखो भाविक स्नानासाठी येतात आणि स्नान आटोपून परततात. काही मात्र परतत नाहीत. ते बुडालेले नसतात, चेंगराचेंगरीत सापडलेले नसतात. ते केवळ सोबत्यांपासून तुटलेले असतात. बंगाली समजत नाही, हिंदी तुटक येते, गावाचे नाव सांगता येते पण जिल्ह्याचे नाही, अशा अवस्थेतील एखादी वृद्धा जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचते आणि तिच्या कागदावर ‘अनोळखी स्त्री’ एवढीच नोंद होते. तिची बातमी होते ती पुढे कधीतरी, घर सापडल्यावर. त्या बातमीत बहुतेक वेळा एका संस्थेचे नाव असते : वेस्ट बेंगॉल रेडिओ क्लब.

हा क्लब हौशी रेडिओचालकांचा, म्हणजे ‘हॅम’ मंडळींचा आहे. क्लबचे सचिव अंबरीश नाग बिश्वास आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे मेळ्यात संदेशवहनाचे काम करतात आणि मेळा संपल्यावरही हरवलेल्यांची घरे शोधत राहतात. या बातम्या वाचून समाधान वाटते, त्यात गैर काही नाही. परंतु त्यांतल्या प्रत्येक बातमीच्या पोटात एक अवघड प्रश्न असतो. पोलीस ठाणी आहेत, रुग्णालये आहेत, समाजकल्याण खाते आहे, आधार आहे, देशभरातील ठाण्यांना जोडणारे संगणकीय जाळे आहे. तरीही एका वृद्धेचे घर शोधण्याचे काम छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्यांवर का येऊन पडते?

हॅम होण्यासाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा द्यावी लागते. वयाची अट किमान १२ वर्षांची. उत्तीर्ण झालेल्यास ‘व्हीयू २’ किंवा ‘व्हीयू ३’ अशा अक्षरांनी सुरू होणारे कॉल साइन मिळते आणि ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर बोलण्याची मुभा मिळते. बोलताना आपली ओळख सांगणे बंधनकारक असते. पैसे घेऊन निरोप पाठवता येत नाही, अर्थ लपवणाऱ्या सांकेतिक भाषेत बोलता येत नाही आणि तिऱ्हाइताचा निरोप केवळ आपत्तीच्या प्रसंगी पोहोचवता येतो. थोडक्यात, ही उघड्यावर, नाव सांगून आणि विनामोबदला बोलण्याची शिस्त आहे. गंगासागरमध्ये ती कशी उपयोगी पडते, हे समजण्यासाठी आधी त्या बेटाची वाट पाहावी लागते.

कोलकात्याच्या बाबूघाटावर यात्रेकरूंचा पहिला तळ पडतो. तेथून बसने काकद्वीपजवळच्या ‘लॉट नंबर आठ’ या धक्क्यावर, मग बोटीने मुडीगंगा ओलांडून कचुबेडियाला आणि पुढे सुमारे ३० किलोमीटर रस्त्याने कपिल मुनींच्या मंदिरापाशी. मुडीगंगा गाळाने भरलेली आहे. ओहोटी लागली की बोटी थांबतात. जानेवारीतले धुके उतरले की पुन्हा थांबतात. एकाच गावाहून आलेले २० जण दोन बोटींत विभागले गेले तर दुसरी बोट कित्येक तास मागे राहू शकते. ताटातूट बहुधा मेळ्याच्या मैदानात होते असा समज आहे, पण या मार्गावरचा प्रत्येक टप्पा माणसे वेगळी करणारा आहे.

अशा मार्गावर मोबाइल फोन अपुरा पडतो, तो दोन कारणांनी. एक, लाखोंच्या गर्दीत मनोऱ्यांवरचा भार वाढून कॉल लागेनासा होतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. फोन एका माणसाचा दुसऱ्या माणसाशी संबंध जोडतो; हरवलेल्या माणसाच्या बाबतीत नेमका दुसरा माणूस कोण, हेच ठाऊक नसते. रेडिओवर एकाने सांगितले की त्या फ्रिक्वेन्सीवरील सारे ऐकतात. ‘हिरवे लुगडे, वय सत्तरीच्या आसपास, हातात गोंदण, सोबत कोणी नाही’ एवढे शब्द धक्क्यावर, बसथांब्यावर आणि मैदानात एकाच क्षणी पोहोचतात. मनोरा लागत नाही, मध्यवर्ती यंत्रणा लागत नाही. बॅटरी, अँटेना आणि ऐकणारा माणूस पुरतो. अंतर वाढले तर उंच जागी बसवलेला रिपीटर संदेश पुढे ढकलतो.

हीच गोष्ट चक्रीवादळातही दिसते, आणि सागर बेट वादळांच्या वाटेवरच आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘बुलबुल’ याच बेटाजवळ किनाऱ्यावर आले. २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ने सुंदरबनच्या परिसरात जमीन गाठली, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही कोलमडले. अशा दिवसांत जिल्हा प्रशासनाला हॅमची आठवण येते. वादळ ओसरले की मात्र ती आठवणही ओसरते.

मेळ्याच्या दिवसांतले काम रेडिओचे आहे. मेळ्यानंतरचे काम वेगळे आहे, आणि क्लबची खरी कमाई तिथे दिसते. रुग्णालयातून किंवा पोलिसांकडून कळले की सदस्य त्या व्यक्तीला भेटतात. नाव विचारून फारसे हाती लागत नाही. मग गप्पा सुरू होतात : गावात नदी आहे का, आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरतो, जत्रा कोणत्या देवाची, शेतात काय पिकते, रेल्वे स्टेशनला जायला किती वेळ लागतो. या बोलण्याचा तुकडा आणि छायाचित्र देशभरातल्या हॅम मित्रांकडे जाते. त्यांपैकी कोणी बोली ओळखतो, कोणी देवाचे नाव ओळखतो, कोणी त्या भागातल्या दुकानदाराला किंवा सरपंचाला फोन लावतो. या टप्प्यावर रेडिओपेक्षा मोबाइल आणि व्हॉट्सॲपच अधिक वापरले जाते, हे मान्य करायला हवे. बातम्यांच्या मथळ्यांत ‘हॅम रेडिओची किमया’ असते, पण किमया लहरींची नसते. एकमेकांना कधी न भेटलेली, तरी वर्षानुवर्षे आवाजाने ओळखणारी माणसे प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि कोणी विचारले तर ती उठून कामाला लागतात, हे रेडिओने घडवलेले भांडवल आहे.

बोलीचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. ‘काहून’ म्हणणारी व्यक्ती विदर्भाकडची असणार, वाक्य ‘शे’ने संपवणारी खानदेशातली, ‘खंय’ विचारणारी तळकोकणातली किंवा गोव्यातली, हे आपल्याला क्षणात कळते. काकद्वीपच्या हवालदाराच्या कानाला हे सारे एकच असते, आणि नोंदवहीत ‘हिंदीभाषक’ असे लिहून तो मोकळा होतो. त्यात त्याचा दोष नाही. संथाळी किंवा राजबंशी बोलणारा माणूस उद्या सांगलीच्या ठाण्यात आला तर तेथील हवालदारही याहून वेगळे काही लिहिणार नाही. परंतु त्या एका चुकीच्या शब्दाने शोधाची दिशा हजार किलोमीटरने चुकते.

सरकारी नोंदीतील पोकळी नेमकी येथे आहे. माणूस हरवल्याची तक्रार त्याच्या घराजवळच्या ठाण्यात, तिथल्या भाषेत होते. माणूस सापडल्याची नोंद दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या लिपीत होते. तीही ‘अनोळखी’ या सदराखाली. नांदेडच्या ठाण्यातील मराठी नोंद आणि दक्षिण २४ परगण्यातील बंगाली नोंद एकाच बाईची आहे, हे जुळवण्याची जबाबदारी प्रत्यक्षात कोणाचीच नाही. ठाण्यांना जोडणारे जाळे असले तरी नावाचे स्पेलिंग, वय आणि चेहऱ्याचे वर्णन यांवर चालणारा शोध ज्याला आपले नावच आठवत नाही त्याच्यापाशी थांबतो.

लहान मुलांच्या बाबतीत निदान चौकट उभी राहिली. हरवलेल्या मुलाची तक्रार गुन्हा म्हणूनच नोंदवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बजावले. ‘ट्रॅक चाइल्ड’ आणि ‘खोया-पाया’ ही संकेतस्थळे आली. हरवलेल्या प्रौढांसाठी, त्यातही वृद्ध आणि मनोरुग्णांसाठी, तशी निकड कोणाला वाटली नाही. वास्तविक कायदा मूक नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणे, २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य केंद्रात नेणे आणि बेवारस असल्यास बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून त्याचे कुटुंब शोधणे ही ठाणे अंमलदाराची जबाबदारी आहे. कलम स्पष्ट आहे. पण ते बजावण्यासाठी अंमलदाराकडे भाषा जाणणारा माणूस नाही, प्रवासखर्चाची सोय नाही आणि या कामाचे श्रेयही नाही. कचुबेडियाच्या धक्क्यावरचा हॅम हे काम करतो, तेव्हा तो पोलिसांना मदत करत नसतो. बऱ्याचदा तो पोलिसांच्या जागी उभा असतो.

आधारचे उदाहरण बोलके आहे. नागपूरच्या मानकापूर येथील आधार सेवा केंद्रात वर्षानुवर्षे बेपत्ता असलेल्यांची ओळख बोटांच्या ठशांवरून पटल्याच्या घटना घडल्या. त्या घडल्या कशा? नवे आधार काढण्यासाठी आणलेल्या मुलाचा अर्ज ‘आधीच नोंद आहे’ म्हणून फेटाळला गेला आणि केंद्रातील दक्ष कर्मचाऱ्याने त्याचा पाठपुरावा केला. म्हणजे यंत्रणेने ओळख दिली ती आडवाटेने आणि एका माणसाच्या चिकाटीमुळे. गोपनीयतेसाठी आधार कायद्याने घातलेली बंधने योग्यच आहेत, पण बेवारस रुग्णाची ओळख पटवण्यासाठी सरळ, न्यायसंमत वाट असायला हवी, आणि ती आडवाट असता कामा नये.

गंगासागरच्या कामाला एक काळी बाजूही आहे. हरवलेला प्रत्येक वृद्ध हरवलेलाच असतो असे नाही. घरच्यांनी तीर्थयात्रेच्या नावाखाली आणून सोडून दिल्याचे प्रसंग उघड झाले आहेत. शोधून काढलेले नातेवाईक फोनवर ओळख नाकारतात किंवा ‘आम्ही येऊ शकत नाही’ म्हणून फोन ठेवतात. ज्येष्ठ नागरिकांना सोडून देणे हा २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परंतु गुन्हा नोंदवायचा तर तक्रार कोणी करायची? क्लबच्या सदस्याने केली तर उद्या दुसरे कुटुंब त्याचा फोन उचलणार नाही. न केली तर ज्या घरातून तिला बाहेर काढले, त्याच घरात तो तिला परत पोहोचवत असतो. हा निवाडा रेडिओचा छंद असलेल्या माणसाने करायचा नसतो. त्यासाठी समाजसेवा अधिकारी असतो, न्यायाधिकरण असते. ती मंडळी या साखळीत फार उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

छायाचित्रांचा प्रश्नही तसाच आहे. विस्मरण झालेल्या किंवा मनाने खचलेल्या माणसाचे छायाचित्र आणि ध्वनिचित्रफीत शेकडो फोनवर फिरते. हेतू चांगला असतो आणि बहुतेकदा त्यावाचून घर सापडत नाही. तरीही उपचाराधीन मनोरुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये असे २०१७ चाच कायदा सांगतो, आणि समाजमाध्यमांवर एकदा गेलेले चित्र परत येत नाही. महाराष्ट्रात कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र हेच काम दुसऱ्या टोकाने करते : रस्त्यावरील मनोरुग्णावर आधी उपचार, मग तो बरा होऊन स्वतःच पत्ता सांगेपर्यंत वाट पाहणे आणि त्यानंतर कार्यकर्त्यासोबत घरी पोहोचवणे. या कामासाठी वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ती पद्धत संथ आहे, खर्चिक आहे, पण रुग्णाची इच्छा तीत विचारात घेतली जाते. हॅमचे जाळे वेगवान आहे. मात्र त्याच्या मागे मनोविकारतज्ज्ञ नाही. दोन्ही एकमेकांना जोडली गेली तर काय होईल, याचा विचार आरोग्य खात्याने केला पाहिजे. आज अशी जोडणी झालीच तर ती वैयक्तिक ओळखीवर होते.

एकीकडे प्रशासन या क्लबांवर विसंबते, तर दुसरीकडे सरकारची नजर त्यांच्याकडे संशयानेच पाहत आली आहे. याला इतिहास आहे. भारतात प्रसारणाची सुरुवात १९२३-२४ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रासच्या रेडिओ क्लबांनीच केली. दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी हौशी परवाने रद्द केले. आणि १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओने सत्तेची ती भीती सार्थ असल्याचे सिद्ध केले. स्वातंत्र्यानंतर सत्ता बदलली, ट्रान्समीटरकडे पाहण्याची दृष्टी पूर्ण बदलली नाही. अंदमानात हॅम केंद्र चालवण्याची परवानगी भारती प्रसाद यांना प्रदीर्घ प्रयत्नांनंतर मिळाली आणि डिसेंबर २००४ मध्ये त्या पोर्ट ब्लेअरहून बोलत असतानाच २६ तारखेला त्सुनामी आली. अंदमान आणि मुख्य भूमी यांच्यातील निरोप पुढे कित्येक दिवस त्यांच्या केंद्रातून गेले. परवानगीचा कागद आणखी महिनाभर रखडला असता, तर ते केंद्र तिथे नसते.

सुरक्षेची चिंता खोटी आहे असे मात्र म्हणता येत नाही, आणि याच क्लबने ते दाखवून दिले. डिसेंबर २०२४ पासून उत्तर २४ परगण्यातील बशीरहाट व बनगाव आणि सुंदरबनच्या परिसरात बंगाली, उर्दू आणि अरबीत चाललेली संशयास्पद संभाषणे रात्री उशिरा हॅमच्या कानी पडली. ओळख विचारताच बोलणारे गप्प होत. क्लबने ही माहिती दळणवळण मंत्रालयाला कळवली. ज्या बँडवर प्रत्येकाने नाव सांगायचे असते, तिथे नाव न सांगणारा आवाज लगेच खटकतो. सीमेवर महागडी उपकरणे बसवूनही जे सहज मिळत नाही, ते रात्र जागवून ऐकणाऱ्या माणसाकडून मिळाले. परवानाधारक हॅम हा सुरक्षेला धोका नसून पहारेकरी ठरू शकतो, एवढे तरी या प्रकरणातून निघते.

खरा धोका वेगळ्या दिशेने वाढला आहे. गेल्या काही वर्षांत स्वस्त वॉकी-टॉकी खेळण्यासारखे ऑनलाइन विकले जाऊ लागले. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात, त्यापलीकडचे नाही. विक्रेते हा फरक ग्राहकाला सांगत नव्हते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-व्यापार संकेतस्थळांना नोटिसा बजावल्या आणि महिनाअखेरीस अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पाऊल आवश्यक होते. त्याची झळ मात्र परीक्षा देऊन परवाना घेतलेल्यालाही लागण्याचा संभव आहे, कारण रस्त्यात अडवणाऱ्या शिपायाला हातातला संच परवान्याचा की बिनपरवान्याचा हे दिसत नाही. त्याला फक्त अँटेना दिसते.

परवान्याची वाटही सोपी नाही. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो, परंतु परीक्षा केव्हा होईल, पडताळणी केव्हा पूर्ण होईल आणि परवाना हातात केव्हा पडेल हे अर्जदाराला आधी सांगता येत नाही. महिनोन्महिने वाट पाहणे हा हॅम मंडळींच्या गप्पांतला जुना विषय आहे. बारावीत अर्ज केलेला विद्यार्थी परवाना येईपर्यंत इंजिनीअरिंगला दुसऱ्या शहरात गेलेला असतो. तेथे सवंगडी नाहीत, गच्चीवर अँटेना लावायला सोसायटीची परवानगी नाही. छंद सुरू होण्याआधीच संपतो. अमेरिकेत हौशी परवानाधारकांची संख्या सात लाखांहून अधिक आहे. लोकसंख्येने चौपटीहून मोठ्या भारतात ती त्याच्या आसपासही नाही, आणि परवाना असलेल्यांपैकी नियमित बोलणारे तर आणखी थोडे. गंगासागरला दरवर्षी धावून जाणारी माणसे याच आटत्या विहिरीतून येतात.

दूरसंचार कायदा २०२३ ने १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांची जागा घेतली आहे. हौशी सेवेचे १९७८ चे नियम जुन्या कायद्याच्या आधाराने बनलेले आहेत. नव्या चौकटीत ही सेवा बसवताना केवळ परवान्याच्या अटी लिहून न थांबता, ठरावीक मुदतीत परीक्षा व परवाना, तसेच आपत्तीत आणि मोठ्या मेळ्यांत क्लबांना जिल्हा आराखड्यात अधिकृत स्थान, ओळखपत्र आणि विमा देण्याची संधी सरकारला आहे. मानधन द्यावे का, यावर हॅम मंडळींतच मतभेद होतील. विनामोबदला हा या सेवेचा कणा आहे आणि तो मोडू नये. पण बोटीचे भाडे, बॅटऱ्या आणि रात्रीचा निवारा स्वयंसेवकाने खिशातून भागवावा, हा मात्र कणा नव्हे. ती प्रशासनाने लावून घेतलेली सवय आहे.

महाराष्ट्रासाठी हा विषय दूरच्या बंगालचा राहिलेला नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. नाशिकमध्ये २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले होते. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात संगणकीकृत खोया-पाया केंद्रे होती आणि त्यांनी पुष्कळ काम केले. पण त्याच प्रयागमध्ये राजाराम तिवारी यांनी १९४६ पासून केवळ एका भोंग्याच्या आणि चिकाटीच्या बळावर भुलेभटके शिबिर चालवले, तेव्हापासूनचा अनुभव असा की केंद्रापर्यंत पोहोचून नाव सांगू शकणारा माणूस लवकर सापडतो. नाशिकच्या नियोजनात कॅमेरे, ड्रोन आणि नियंत्रण कक्ष असतीलच. नाव न सांगू शकणाऱ्या, भोजपुरी, ओडिया किंवा बंगाली बोलणाऱ्या माणसाशी तिथे कोण बोलणार, आणि गोदाकाठच्या गर्दीत मोबाइल बंद पडला तर घाट, बसस्थानके आणि त्र्यंबकचा रस्ता एकाच वेळी कोणत्या माध्यमातून ऐकू शकतील, ही उत्तरे मुंबई, पुणे आणि नाशिकच्या हॅम मंडळींना आताच बोलावून शोधता येतील. ऐन पर्वणीत नवे परवाने काढता येत नाहीत. आज अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात कॉल साइन ऑगस्ट २०२७ पूर्वी पडेल की नाही, हे नाशिकमध्ये ठरणार नसून नवी दिल्लीतील संचार भवनात ठरणार आहे.